तुटलेल्या तारेची दोन टोकं

सोलापूर,
१८ मे

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. तुझा प्रश्न डोक्यातून जात नव्हता, म्हणून उशीर. प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या कणांना बांधणाऱ्या बलाची समीकरणं १९७३ पासून हातात आहेत, मग दोन प्रोटॉन आदळल्यावर नेमके किती कण निघतील हे का सांगता येऊ नये?

काल साखर पेठेत काकांकडे गेलो होतो. मागावर टॉवेल चालू होता. ताण्यातली एक तार तुटली. काकांनी माग थांबवला, दोन्ही टोकं शोधली, गाठ मारली. मी तिथेच उभा राहिलो. स्वीडनमधल्या लुंडच्या भौतिकशास्त्रज्ञ मंडळींनी कण कसे जन्मतात ते असंच मांडलंय!

क्वार्क लांब गेले तरी त्यांच्यातली ओढ कमी होत नाही. मधलं क्षेत्र धाग्यासारखं आवळतं आणि सोळा टन वजनाइतक्या जोरानं मागे खेचत राहतं. प्रोटॉनएवढ्या जागेत सोळा टन! शेवटी धागा तुटतो. पण इथे गाठ मारायला मोकळं टोक उरत नाही. एका टोकाशी नवा क्वार्क, दुसऱ्याशी त्याचा उलट जोडीदार, नवा प्रतिक्वार्क; त्यांचं वस्तुमान धाग्यात साठलेल्या ऊर्जेतूनच येतं. पुन्हा ताण, पुन्हा तूट. क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्यांचे हलके कण, म्हणजे पायॉन, यांचा सडा पडतो तो असा.

आता मर्यादा. टक्कर जबरदस्त असेल तर गणित चालतं, कारण तिथे बल क्षीण असतं आणि उत्तर ज्या पदांच्या मालिकेची बेरीज असतं, तिचं पुढचं प्रत्येक पद लहान होत जातं. हिग्ज नावाचे जड कण किती तयार होतील हे म्हणूनच काढता येतं. पण जिनिव्हाजवळच्या एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्रातल्या बहुतेक टकरी हलक्या, घासून जाणाऱ्या. तिथे पुढचं पद मागच्याएवढंच मोठं निघतं आणि मालिकेला अर्थ राहत नाही. अवकाश आणि काळ बिंदूंच्या जाळीत मांडून संगणकावर प्रोटॉनचं वस्तुमान मिळतं, पण त्या गणितात काळ काल्पनिक संख्येत धरावा लागतो, त्यामुळे टक्कर घडताना पाहता येत नाही. मग धाग्याचं प्रतिमान घ्यायचं आणि त्यातले आकडे मोजमापांशी जुळवायचे. हे काम मला कमी दर्जाचं वाटत नाही. फक्त त्याला सिद्धान्ताचं भाकीत म्हणू नये, एवढा माझा आग्रह आहे.

आणि जुळवलेलंही फसतं. २०१७ मध्ये एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगानं दाखवलं, की प्रोटॉनांच्या टकरीत कणांची गर्दी वाढली की स्ट्रेंज या जातीचे, थोडे जड क्वार्क असलेल्या कणांचं प्रमाणही वाढतं. सुटा धागा हे सांगत नाही. काहींच्या मते गर्दीत धागे एकमेकांना बिलगून दोर होतो; त्याचा ताण जास्त, म्हणून जड स्ट्रेंज क्वार्क सहज जन्मतात. दुसरे म्हणतात, तिथे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांच्या द्रवाचा थेंबच तयार होतो. मला दोर पटतो. मागाशेजारी वाढलो म्हणूनही असेल, हे मान्य करतो. शिवाय थेंब असता तर त्यातून जाणाऱ्या वेगवान कणांनी ऊर्जा गमवायला हवी होती. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत तसं अजून दिसलेलं नाही.

दोर की थेंब, हे कोणत्या मापनानं ठरेल? तुझं मत सविस्तर लिही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा काकांकडे जाऊ. काकू तुझ्यासाठी शेंगाचटणी करून ठेवणार आहेत.

तुझा,
श्रीकांत