सातव्या ओळीत मी आहे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत हे मला माहीत आहे, पण मला आवाज आला. 'बाबा, तुम्हाला सगळीकडे हॉस्पिटलच दिसतं' हे तुझं वाक्य चार दिवस डोक्यात घोळतंय. खोटं नाही ते. दिसतं मला. तरीही या पत्रात छातीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. आईला तसा शब्दही दिलाय.

तर आधी शाबासकी, ती फोनवर राहूनच गेली. शाळेच्या दिवसांत तुला उठवायला मी तांब्या घेऊन उशाशी उभा राहायचो. तीच तू आता पहाटे साडेपाचच्या व्यायामाच्या बॅचला, थोडा वेळ पूर्ण जोर आणि थोडा वेळ विश्रांती अशा त्या 'हिट' (HIIT) प्रकाराला, स्वतःहून जातेस. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दिवसभर खुर्चीला चिकटलेलं काम असताना, अनोळखी वीस माणसांत जाऊन धापा टाकायला धाडस लागतं. मी तुझ्या वयाचा असताना संध्याकाळी फक्त पेपर उचलायचो. हे मी चारजणांना सांगूनही आलोय. अप्पांना तर दोनदा.

आता बॅचसाठी भरलेल्या त्या तब्येतीच्या फॉर्मबद्दल. तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास, 'सगळ्या प्रश्नांना "नाही"! एकदम फिट!' आईने अंगठा दाखवला. मी फोटो मोठा करून वाचला. सातवा प्रश्न असा आहे: आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे का? तिथेही तू वरून खाली ओढलेली तीच रेघ. 'नाही.' अगं, त्या ओळीत मी आहे! वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झालं, तर डॉक्टर ते हिशेबात धरतात. मला 51व्या वर्षी झालं. चार वर्षं उशीर केला असता तर तुझं उत्तर बरोबर आलं असतं.

काढलाच विषय. माफ कर.

तू चिडलीस कारण मी म्हणालो, 'एवढं कशाला, चालायला जा.' ते चुकलंच माझं. या व्यायामाशी माझं भांडण नाही. मला नंतर जे करायला लावलं ते याच जातीचं होतं: थोडा वेळ झपझप, मग थोडा वेळ सावकाश, पुन्हा झपझप. फरक एवढाच की माझ्या छातीला वायरी लावलेल्या होत्या आणि समोर एकजण पडद्याकडे बघत बसलेला असायचा. तुमच्याकडे वीसजणांत एक ट्रेनर, आणि गाणं एवढं मोठं की कुणी 'थांबा' म्हटलं तरी ऐकू जायचं नाही.

चार दिवस वाचत बसलो होतो. तुमच्या त्या 20 सेकंद जोर आणि 10 सेकंद विश्रांतीच्या प्रकाराला ज्यांचं नाव आहे, त्या इझुमी ताबाता यांचा अभ्यास 1996 सालचा, जपानमधला. वीस-दहा, वीस-दहा, सगळं मिळून चार मिनिटं. पण ते सायकलवर होतं, उड्या नव्हत्या. आणि सायकलवर बसलेली पोरं तरुण होती, खेळणारी होती, बारा तास खुर्चीत बसून आलेली नव्हती. ती बर्पी, म्हणजे खाली बसून, हात टेकून, पाय मागे फेकून पुन्हा उभं राहायचं, जिला तू शिव्या देतेस, तिचंही तसंच. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसाने 1930च्या दशकात ती तब्येत तपासायला काढली. चारदा करायची आणि नाडी मोजायची. चारदा! तू पहिल्या दिवशी पन्नास मारल्यास, मग उलटी केलीस, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून खूश होऊन फोन केलास.

त्या टाळ्यांची मला भीती वाटते, आणि त्यात माझाच दोष आहे. चौथीतली शर्यत तुला आठवते का? मला रोज आठवते. अर्ध्यावर पडलीस, गुडघा फुटला, मोज्यापर्यंत रक्त आलं. बाई तुला उचलायला निघाल्या आणि मी दोरीपलीकडून ओरडलो, 'मनू, थांबायचं नाही!' तू उठलीस. शेवटची आलीस, लंगडत, तोंड वेडंवाकडं करून, पण आलीस. मी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. घरी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी तुझ्यात जे पेरलं ते इतकं घट्ट उगवलं की आता ते उपटायचा हक्क मला राहिलेला नाही. शेजारची बाई थांबत नाही म्हणून तू थांबणार नाहीस, हे मला इथे बसून दिसतं.

म्हणून थोडं सांगतो, कंटाळा आला तर उडी मारून पुढे जा. आठवड्यात दोनच दिवस जा, मध्ये निदान एक दिवस मोकळा ठेव. स्नायू लवकर तयार होतात, स्नायूंना हाडाशी बांधणारे सांध्यांजवळचे स्नायूबंध मागून येतात, त्यांना वेळ दे. सुरुवातीचे काही आठवडे उड्या नकोत, उडीच्या जागी पाऊल टाक. वीस सेकंद केलंस तर चाळीस सेकंद थांब, टायमर काहीही म्हणो. पुढचा राउंड सुरू करायच्या आधी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नकोस. 220मधून वय वजा केलं की तुझे 186 येतात, पण तो अंदाज आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. संपलं की धाडकन बसू नकोस, पाच मिनिटं चाल, नाहीतर रक्त पायातच राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू आलं तर ते ठीक. पण अंग सुजलं, हातपाय उचलेनात आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट बघू नकोस, सरळ दवाखाना गाठ. स्नायू फुटून त्यातलं मूत्रपिंडात जातं. बापाने मुलीला लिहायचं वाक्य नाही हे, पण लिहिलं.

पुन्हा मास्तरकी झाली. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय, 'तिला काय पहिलीत घालतोयस का?' तिचं बरोबर आहे. चांगला ट्रेनर यातलं निम्मं तुला सांगेलही.

फक्त एक गोष्ट तो सांगू शकणार नाही, कारण फॉर्ममध्ये ती त्याला कळलेलीच नाही. मला हृदयविकार झाला त्या दिवशी छातीत काहीच दुखलं नव्हतं. जबडा दुखत होता. मी दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, आणि वेळेवर पोचायचं म्हणून जिना भरभर चढलो. तू तेव्हा परीक्षेच्या गावाला होतीस, तुला कुणी धड सांगितलं नाही, नंतर सगळं हसण्यावारी नेलं. म्हणून असेल कदाचित, 'नाही' लिहिताना तुझा हात अडखळला नाही. मीच तुझ्यासमोर कधी आजारी माणूस झालो नाही. गोळ्यांची डबीसुद्धा तू आलीस की आत ठेवतो.

तेव्हा एवढं कर. डॉक्टरांकडे जाऊन ये, त्यांना माझं वय सांग, 51, आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब, ईसीजी, ते म्हणतील ते करून घे. मग सातव्या ओळीत 'हो' लिही आणि फॉर्म पुन्हा दे. बॅच सोडू नकोस. खरंच सोडू नकोस. मी मैदानाबाहेर उभा असेन, पण या वेळी ओरडणार नाही. फार तर हात वर करीन.

अप्पा विचारत होते, त्यांना हे जमेल का. गुडघे दाखव म्हणालो.

शनिवारी बॅच संपली की फोन कर. लगेच नको, धाप थांबल्यावर.

तुझा,
बाबा

ता. क. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नकोस, मला एकट्याला पाठव. आईला मी सांगेन.