वेग मोजला, काम कोण तपासणार?

महोदय,

लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० हवा, शिवाय एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र. एवढे कागद सेवापुस्तकाला लागले की या माणसाला संगणक येतो असे सरकार धरून चालते, ते थेट त्याच्या निवृत्तीपर्यंत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाले तेव्हा आमच्यातले कितीतरी जण माउसला हात लावायला बिचकत. ती भीड त्या अभ्यासक्रमाने मोडली, हे मान्यच करायला हवे. पण त्यानंतर टेबलावरचे काम पार बदलले. पगारबिले ‘सेवार्थ’ या ऑनलाइन प्रणालीवर गेली, शिक्षकांची ‘शालार्थ’वर, जमिनीचे फेरफार ऑनलाइन झाले, फायली ई-ऑफिसमधून फिरू लागल्या. तपासणी मात्र होती तिथेच आहे.

लेखा शाखेत नोकरी झाल्याने पुढचे प्रकार नेहमीच पाहिले. वेगात टाइप करणारा लिपिक एक्सेलमध्ये तक्ता सुबक आखतो आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करून खाली लिहितो. वरचा एखादा आकडा दुरुस्त झाला तरी बेरीज जुनीच राहते. ती सापडते लेखापरीक्षणात. तालुक्यांची माहिती एकत्र करायला घ्यावी, तर कोणी तारखेत टिंब दिलेले, कोणी तिरकी रेघ, कोणी रकमेपुढे ‘रु.’ आणि ‘फक्त’सुद्धा लिहिलेले! मराठी मजकूर अजूनही जुन्या फॉन्टमध्ये येतो, दुसऱ्या संगणकावर त्याची भलतीच अक्षरे होतात आणि तीच पाने कोणीतरी पुन्हा टाइप करत बसते. साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगल लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन अख्ख्या शाखेला पाठ. (साहेबांना संगणक किती येतो हे कोण विचारणार, तो प्रश्न आहेच.) वेगाच्या परीक्षेत यातले काय कळणार?

आता ‘आयगॉट कर्मयोगी’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण पोर्टलवर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. पण व्हिडिओ एका खिडकीत चालू ठेवून दुसरीकडे काम करणारेही आहेत, आणि प्रमाणपत्र त्यांनाही मिळते.

माझे म्हणणे एवढेच, की परीक्षा त्या-त्या पदाच्या कामावर घ्यावी, त्याच्याच टेबलावर. लेखा लिपिकाला चुका पेरलेला तक्ता द्यावा. आस्थापनेच्या (कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामाच्या) माणसाला मागच्या वर्षीचे एखादे पत्र शोधून काढायला सांगावे. बँकेच्या नावाने आलेला संशयास्पद मेल दाखवून ‘आता काय कराल?’ असे विचारावे. तपासणारा खासगी क्लासचा नको, तेच काम करणारा दुसऱ्या कार्यालयातला जाणता कर्मचारी हवा. आणि निकाल वेतनवाढीला जोडू नये. एमएस-सीआयटी मुदतीत न झाल्याने वेतनवाढी रोखल्या गेल्या, वसुलीही निघाली. तेव्हापासून लोक कागदाच्या मागे लागले, शिकण्याच्या नव्हे. जे आले नाही ते शिकवा, काही महिन्यांनी पुन्हा बघा.

अशा तपासणीत दोष कधी यंत्रणेचाही निघेल. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन अडकत होते, पोषणाच्या नोंदी भरायचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते. तिथे सेविकांची परीक्षा घेऊन काय साधले असते?

सुरुवात लेखा आणि आस्थापना शाखांपासून करावी. तिथली चूक कोणाच्या तरी पेन्शनमध्ये उतरते आणि ती निस्तरायला त्या म्हाताऱ्या माणसाला जिल्ह्याला खेटे घालावे लागतात.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी, सांगली