कपाटाचं कुलूप काढा, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. ‘पोरं मोबाइल सोडत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक पालकसभेत ऐकली. पण घरात मोबाइल दिवसभर हाताशी असतो आणि शाळेत पुस्तकाला कुलूप असतं, हे कुणी बोलत नाही.

एका शाळेत रुजू झाले तेव्हा ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडून घेतलं. आत ‘किशोर’ मासिकाचे अंक सुतळीने बांधलेले, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. कडेने कसर लागली होती. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढलेलं. एक हरवलं की चार्ज देताना हिशेब मागतात, भरपाई पगारातून. मग कुलूपच बरं वाटतं.

मी व्हरांड्यात दोरी बांधून पुस्तकं टांगली. तिसरीतली एक मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघाली, जाताना एक गोष्टीचं पुस्तक घेऊन गेली. एप्रिलमध्ये परतली तेव्हा पुस्तकाला कव्हर नव्हतं, पानांवर चुलीचा धूर बसलेला. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावाला रोज वाचून दाखवायची म्हणे. सगळी गोष्ट तिला तोंडपाठ होती, सांगताना ती आवाजही बदलायची. नोंदवहीत मला लिहावं लागलं : ‘फाटलेले’.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टीची पुस्तकं असलीच पाहिजेत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही होतो. पुस्तकं बाहेर येतात, फोटो निघतात, संध्याकाळी पुन्हा कपाटात. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावात 2017 साली शासनानेच गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं ठेवली, येईल त्याने वाचावीत म्हणून. तो विश्वास आमच्या गुरुजी-बाईंवर का नाही?

माझी मागणी एवढीच आहे. वापरून फाटलेली, हरवलेली पुस्तकं दरवर्षी, दहात एक म्हणा, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर निर्लेखित करता येतील, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतील, आणि शिक्षकांकडून वसुली होणार नाही, असा शासन निर्णय काढा. त्यात पुस्तक घरी नेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहा. स्पष्ट लिहिलेलं नसलं की खाली कुणी धजावत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतील. त्याआधी हा कागद शाळांत पोचायला हवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका