अंधार चालेल, पण माणसं मरायला हवी होती

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या (३० एप्रिल २०१९) अंकात मनोरंजनाच्या पानावर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकन मालिकेच्या ताज्या भागाविषयीचं टिपण वाचलं. चाहते उगाच रडतात, असा त्याचा एकूण सूर. मेलेल्यांची फौज घेऊन आलेल्या नाइट किंगशी विंटरफेल किल्ल्यावर झालेली एवढी मोठी लढाई घरबसल्या बघायला मिळाली तर मुकाट बघावी, खंदक कुठे खणला आणि घोडदळ आधी का पाठवलं असल्या चौकशा करू नयेत, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. मी अठ्ठावन्न वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई. या चौकशा करणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे पत्र.

आधी अंधाराचं सांगते. अमेरिकेत हा भाग रविवारी रात्री नऊला लागला. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहा. एप्रिल संपत आलेला, आमचा हॉल पूर्वेकडचा, ऊन थेट टीव्हीवर. पडदे ओढले तर ते अबोली रंगाचे, सगळा हॉलच नारिंगी झाला. शेवटी चिरंजीवांनी खिडकीच्या गजांना सोलापुरी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवली. पंख्याच्या वाऱ्याने ती फुगायची आणि विंटरफेलच्या तटावर उन्हाचा पट्टा पडायचा. पहिली दहा मिनिटं पडद्यावर सगळ्यात स्पष्ट कोण दिसत असेल, तर आम्हीच. सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले पाच जण आणि मागचं कपाट. त्यात नेट मंदावलं की काळोखाचेही चौकोन चौकोन व्हायचे.

छायाचित्रणकार फेबियन वॅग्नर यांनी सांगून टाकलं की भाग मुळीच काळोखा नाही, मीच तो चित्रित केलाय. लोकांना टीव्हीचं सेटिंग जमत नाही. असेल बुवा. पण सोलापुरी चादरीचं सेटिंग कुठल्या बटणावर असतं, तेही सांगायचं होतं. ज्यांनी पंचावन्न रात्री थंडीत-चिखलात उभं राहून हे चित्रण केलं, त्यांच्या कष्टांबद्दल मला काडीचीही शंका नाही. तेवढी रात्र डोंबिवलीत सकाळी साडेसहाला आणायची कुठून, एवढाच प्रश्न.

तरीही अंधार मी माफ केला. कारण डोथ्राकी घोडेस्वारांचा तो हल्ला. मेलिसांड्रे ही मांत्रिक बाई येते, मंत्र म्हणते आणि हजारो वाकड्या तलवारी एकदम पेटतात. तो सगळा उजेड घोड्यांवर बसून काळोखात धावत जातो. आपण तटावरच्यांसारखे लांबून बघत राहतो. मग दूरवर एकेक ठिणगी विझायला लागते. ना किंकाळी, ना तलवारींचा खणखणाट नीट ऐकू येत. शेवटची ठिणगी विझते आणि काही वेळाने चार-दोन घोडी आणि त्यांच्यासोबत गेलेले सर जोरा परत येतात. आमच्या हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. नेमकी तेव्हाच दूधवाल्याने बेल वाजवली, तर शेजारचा पंचविशीतला मुलगा अक्षरशः ओरडला. हे दृश्य लख्ख उजेडात झालंच नसतं. त्याबद्दल वॅग्नरसाहेबांना शंभरपैकी शंभर.

पण दृश्य संपलं आणि दूध आत ठेवून येईपर्यंत डोक्यात चक्र सुरू झालंच. समोर किती सैन्य आहे हे माहीत नाही, काही दिसत नाही, अशा वेळी आपलं हलकं घोडदळ सरळ त्यात घालायचं? आगीचे गोळे फेकणारी यंत्रं पायदळाच्याही पुढे मांडायची? खंदक खणायचा आणि सैन्य त्याच्या पलीकडे, शत्रूच्या बाजूला उभं करायचं? चार गड चढलेल्या कुणालाही विचारा, खंदक कशासाठी असतो ते. भाचा म्हणाला, “मावशी, माघार घ्यायची ठरलेलीच होती.” मग आधीच आत का नाही थांबले, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि बायका-मुलांना लपवायला जागा कुठली, तर तळघरातलं दफनघर. ज्याला मेलेली माणसं उठवता येतात त्याच्याशी लढताना!

आम्ही उंटावरचे शहाणे, कबूल. पण या उंटावर आम्हाला बसवलं कुणी? याच मालिकेने. २०१२ मधली ब्लॅकवॉटरची लढाई आठवा. त्या भागाची पटकथा मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी स्वतः लिहिली होती. तिथे हिरवी आग कशी, कुठे आणि कधी पेटवायची, हीच सगळी गंमत. २०१६ मध्ये जॉन स्नो आणि रॅमसे बोल्टनची लढाई झाली, तिचा आराखडा इसवी सनपूर्व २१६ मधल्या कॅनीच्या रणावरून उचललेला. हॅनिबलने रोमनांना वेढलं तसंच बोल्टनच्या ढालींनी जॉनच्या माणसांना वेढलं. प्रेतांच्या ढिगाखाली गुदमरणारा जॉन बघताना मला खरोखर श्वास लागला होता. त्या भागाचे दिग्दर्शक मिगेल सपोच्निक, त्यांना त्यासाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. या भागाचेही दिग्दर्शक तेच. आठ वर्षं ज्यांनी आम्हाला नकाशे बघायला शिकवलं, त्यांनीच आता नकाशा बघू नका म्हणायचं?

हे सगळंही पोटात घातलं असतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि तुमच्या लेखकाने तिला हातच घातला नाही. माणसं मेली नाहीत. ८२ मिनिटांचा भाग, साऱ्या मानवजातीचा शेवट दाराशी, आणि ओळखीचे म्हणावेत असे गेले किती? एड, बेरिक, ती वाघाच्या काळजाची लियाना, थिऑन, जोरा आणि पहाटे गळ्यातला हार काढून बर्फात चालत गेलेली मेलिसांड्रे. बाकी ब्रिएन, जेमी, पॉड्रिक, सॅम, टॉर्मंड, प्रत्येकाला भिंतीला टेकवलेलं, अंगावर दहा-दहा मुडदे चढलेले दाखवलं. सॅम तर प्रेतांच्या ढिगावर आडवा पडून रडत होता. कॅमेरा दुसरीकडे गेला, परत आला, हे आपले जिवंत! एकदा चालेल, दोनदा चालेल. पाचव्यांदा मी भाच्याला म्हटलं, आता चहा टाकू का. पोरं याला ‘प्लॉट आर्मर’ म्हणतात. कथेनेच घातलेलं चिलखत. ज्या मालिकेने २०११ मध्ये पहिल्याच पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्कचं, म्हणजे आपण ज्याला नायक समजून बसलो होतो त्याचं, डोकं उडवलं, तिने आता एवढं जपून वागावं? तेव्हापासून प्रत्येक लढाईत मी पदराचं टोक मुठीत धरून बसायची. या वेळी पदर जागेवरच राहिला.

शेवटी नाइट किंगला खंजिराने मारलं ते नेडच्या धाकट्या मुलीने, आर्याने. तिच्याबद्दल मात्र मी चिरंजीवांशी भांडले. त्यांचं म्हणणं, नाइट किंगला जॉननेच मारायला हवं होतं, एवढी वर्षं तयारी त्याची चाललेली. मला तसं वाटत नाही. तो खंजीर पहिल्या पर्वात तिच्या लहानग्या भावाच्या, ब्रॅनच्या, जिवावर उठला होता. सातव्या पर्वात ब्रॅननेच तो, आता नाइट किंग जिथे मेला त्याच झाडाखाली बसून, आर्याला दिला. एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलायची तिची युक्ती ब्रिएनशी सराव करताना आपण बघितलेली आहे. सगळं डोळ्यांसमोर ठेवलं होतं आणि तरी कळलं नाही, याला म्हणतात गोष्ट सांगणं. शिकागोच्या बर्लिंग्टन बारमधले लोक त्या क्षणी कसे उड्या मारतात याची चित्रफीत भाच्याने नंतर दाखवली. आमच्याकडे उड्या नाहीत, पण चादर पडली आणि ती कुणी उचलली नाही.

आता तुमच्याविषयी थोडं. सोमवारी आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. भाग संपवून आम्ही थेट रांगेत. पुढे-मागे उभी असलेली पोरं, कुणी बघितलेला, कुणी न बघितलेला, एकमेकांना “सांगू नकोस हं” म्हणत ताटकळत होती. भर उन्हात दीड तास कुणी तोंड उघडलं नाही. माझी धाकटी जाऊ शिक्षिका. निवडणुकीच्या ड्यूटीवर रविवारी निघालेली, मतदानयंत्रं जमा करून सोमवारी मध्यरात्री घरी पोचली. मंगळवारी सकाळी चहाबरोबर तिने तुमचा अंक उघडला. मथळ्यातच कोण मेलं आणि कुणी मारलं, वर खंजिराचा फोटो. मला फोन करून एवढंच म्हणाली, “वहिनी, बघू की नको?” ज्या बाईने शेकडो लोकांच्या बोटांना शाई लावून घेतली, तिला एक दिवस थांबायची सवलत द्यायला हवी होती. मथळा बुधवारी दिला असता तर अंक काही शिळा झाला नसता.

पुढचा भाग ६ मेला, पुन्हा सोमवारीच. जाऊ रविवारी मुक्कामाला येते आहे. मी चार मीटर काळं कापड आणून दोन्ही खिडक्यांच्या मापाचं शिवून ठेवलंय, आणि दूधवाल्याला सांगितलंय, बेल वाजवू नकोस, पिशवी कडीला अडकवून जा.

आपली,
एक जुनी वाचक
डोंबिवली (पूर्व)