अक्का, मास्क आधी तुझ्या तोंडाला

सास्काटून, कॅनडा
२१ मार्च २०२१

ती. अक्कास सा. न.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तू शिकवतेस त्या एरोबिक्सच्या क्लासातल्या बायका मास्क घालायला तयार नाहीत. श्वास कोंडतोय म्हणतात, आणि बेळगावच्या पोटनिवडणुकीच्या सभेत कोण घालतंय की, असं वर तुलाच विचारतात. फोन केला तर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहूनच पाठवतो.

श्वासाचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. इथं आमच्या जागच्या जागी मारायच्या सायकलच्या क्लासात आठच माणसं घेतात आणि पेडल मारतानाही मास्क काढू देत नाहीत. थोड्या वेळात कापड भिजून नाकाला चिकटतं, श्वास घेतला की आत ओढलं जातं, नको नको होतं. खरं, इथल्याच सास्काचेवान विद्यापीठानं गेल्या वर्षी १४ धडधाकट माणसांना पार दमेपर्यंत सायकल मारायला लावली. मास्क नसताना, कापडी मास्क लावून आणि सर्जिकल लावून. रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला नाही, ताकदीतही नाही. दमा असलेल्या काकूंना मात्र हे ऐकवू नकोस, ती माणसं निरोगी होती. बायका म्हणतात त्याला आधार आहेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये व्यायाम करताना मास्क नको, अंतर ठेवा, असं सांगितलं होतं. आपल्या केंद्र सरकारच्या गेल्या ऑगस्टमधल्या नियमांतही व्यायामापुरता शक्यतो नुसता व्हायझर, म्हणजे तोंडासमोरचं पारदर्शक प्लॅस्टिक, चालेल असं लिहिलंय. आणि २५० रुपयांचा दंड घ्यायला तुझ्या हॉलमध्ये कोण येतंय!

तरी मी मास्कच्या बाजूनं आहे. शिकागोच्या एका जिमचा अहवाल गेल्या महिन्यात आला. दारात ताप बघत होते, सहा फूट अंतर होतं, चटई ज्याची त्यानं आणायची. फक्त व्यायाम करताना मास्क काढायची मुभा होती. ८१ जणांपैकी ५५ जणांना कोरोना झाला. त्यातले २२ जण लक्षणं सुरू झाल्यावरही क्लासला आले होते. तुझ्याकडच्या 'जरा सर्दीच आहे, येतो की' म्हणणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. बसलेलं माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आतबाहेर करतं, जोरात उड्या मारताना तेच कित्येक पटींनी वाढतं. बंद खोलीत सहा फुटांनी काय होणार?

आता तुला न आवडणारं सांगतो. तू बायकांच्या मास्कचं बोललीस, स्वतःच्या मास्कचं एक अक्षर नाही. मला तर सगळ्यांत जास्त भीती तुझीच वाटते. कोरियातल्या चोनान शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये डान्स-फिटनेस शिकवणाऱ्यांचं शिबिर झालं. २७ शिक्षकांपैकी ८ जण बाधित निघाले, आणि त्यांच्या क्लासांतून पसरत आकडा ११२ वर गेला. होनोलुलूत सायकलचा क्लास घेणारा एक शिक्षक गाण्याच्या वरताण ओरडत होता. दारं-खिडक्या बंद, पंखे चालू, मास्क कुणालाच नाही. समोरचे दहाच्या दहा जण आजारी पडले. तुझं 'फाइव्ह, सिक्स, सेवन, एट' तर वडगावच्या आपल्या गल्लीच्या टोकाला ऐकू येतं! गाण्याचा आवाज कमी कर, टाळ्यांवर मोज, आणि शिकवताना मास्क खाली ओढू नकोस.

कोरियातलीच आणखी एक गोष्ट बघ. त्या बाधित शिक्षकांपैकी एकीनं योगा आणि पिलाटेसही शिकवलं होतं, त्यातल्या कुणालाच लागण झाली नाही. तेव्हा वयस्कर बायकांची बॅच वेगळी करून त्यांना सावकाश आसनं दे.

खरं म्हणजे मास्कपेक्षा मोठी अडचण तुझ्या हॉलची आहे. पोरं डोकावतात म्हणून तू खिडक्या लावून पडदे ओढलेस. इथं बाहेर बर्फ आहे, आम्हाला खिडकी उघडायची सोय नाही. तुम्हाला मार्चमध्ये सकाळी सहाला काय सुंदर हवा असते! वॅक्सिन डेपोच्या मैदानात उघड्यावर नाचायची बायकांना लाज वाटणार, कळतंय मला. तुझा हॉल आहे त्या कार्यालयाची गच्ची माग मालकांकडे. कठड्याला चारी बाजूंनी कमरेएवढ्या उंचीला साड्या बांधल्या तर खालून कुणाला दिसत नाही आणि वारंही अडत नाही. गच्चीवर हाताच्या दुप्पट अंतर ठेवून मास्क काढला तर मी काही बोलणार नाही. हॉलमध्ये असाल तर मास्क पाहिजेच. प्रत्येकीनं एक कोरडा जास्तीचा आणायचा, भिजला की बदलायचा. एन-९५ नको, व्हॉल्ववाला तर अजिबात नको, त्याच्यातून सोडलेला श्वास तसाच बाहेर येतो. ओढणी गुंडाळणं म्हणजे मास्क नव्हे. कुणाला गरगरलं तर आधी बाहेर ने, मग मास्क काढू दे.

बाबांना सांग, लस घेतली म्हणून लगेच हास्य क्लब सुरू करायचा नाही. त्या ऑगस्टच्या नियमांत ओरडणं आणि हास्ययोग दोन्हीला मनाई होती. जिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची त्याच डेपोत लस घेतलेले म्हातारे खोकत बसायला नकोत. कोल्हापूरची मावशी येणार असेल तर आरटी-पीसीआर करून घे म्हणावं, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावरनं परत पाठवतात.

जूनमध्ये आपला पाऊस लागला की गच्ची गेली. मागच्या पत्र्याच्या शेडचं आत्ताच बोलून ठेव, तिला तिन्ही बाजू उघड्या आहेत. ओरडायला लागू नये म्हणून माइक घे, पैसे मी पाठवतो. कानाला लावायचा घे, हातातला नको, तो सगळ्याजणी तोंडाशी धरतात.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
बाळू