जोशीमठला रात्र काढायलाच हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बद्रीनाथ-हेमकुंडवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून मन ताळ्यावर नाही. 'जोशीमठला चहापुरतं थांबा आणि तसेच बद्रीनाथ गाठा, एक अख्खा दिवस वाचतो' असा सल्ला लेखकाने दिला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडची किती कुटुंबं आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना घेऊन तिकडे जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या हातात तुम्ही हा सल्ला दिलात.

ऋषिकेश समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर. जोशीमठ सुमारे 1,900 वर आणि बद्रीनाथ 3,100 मीटरच्याही वर. पहाटे ऋषिकेशला निघालेला माणूस संध्याकाळी बद्रीनाथला उतरतो, तेव्हा त्याला श्वासागणिक मिळणारा प्राणवायू खालच्या तुलनेत सत्तर टक्क्यांच्या आसपास आलेला असतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ जोशीमठच्या मुक्कामात मिळतो. लेखात तोच कापून टाकला आहे.

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. गेल्या मे महिन्यात एका सहल कंपनीबरोबर आम्ही गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत जोशीमठचा मुक्काम छापलेला होता. वाटेत वाहतूक तुंबली, उशीर झाला, आणि व्यवस्थापकाने तो मुक्काम परस्पर रद्द केला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, पुढचं बुकिंग वाया जाईल. कापूर देतो सगळ्यांना, हुंगत राहा, काही होत नाही." अंधार पडता पडता बद्रीनाथला पोहोचलो. जाऊबाई जेवल्या नाहीत. डोकं फुटेल असं दुखतंय म्हणाल्या, मग उलट्या सुरू झाल्या. व्यवस्थापकाचं निदान तयार होतं, पित्त. बसमधलं खाणं बाधलं असेल. सोडा आणून दिला आणि पुन्हा कापराची पुडी. मध्यरात्रीनंतर जाऊबाई पलंगावरून उठून दारापर्यंत चालल्या तरी धापा टाकू लागल्या, तेव्हा आमच्या ह्यांनी हॉटेलच्या पोऱ्याला उठवलं आणि त्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. बोटाला यंत्र लावून त्यांनी पाहिलं, ऑक्सिजन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "काल रात्री कुठे झोपला होतात?" ऋषिकेश म्हटल्यावर ते काही क्षण बोललेच नाहीत. रात्री त्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे उजाडेपर्यंत थांबावं लागलं. सकाळी खाली निघालो. जोशीमठला पोहोचेपर्यंत डोकेदुखी ओसरली होती, आणि दुपारी त्यांनी स्वतःहून वरणभात मागून घेतला. बद्रीविशालाचं दर्शन मात्र राहिलं ते राहिलंच. त्यासाठी त्यांनी किती वर्षं पैसे साठवले होते, ते आम्हा घरच्यांना माहीत आहे.

त्यामुळे आपल्या लेखातलं 'विरळ हवेवर रामबाण उपाय, कापूर' हे वाक्य वाचून माझा संताप झाला. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. वासाने माणसाला बरं वाटतं आणि तो आणखी वर चढत राहतो, हा त्यातला खरा धोका. उंचीवर गेल्यावर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही लक्षणं दिसली की आणखी वर जायचं नसतं. बसल्या जागी धाप लागली किंवा सतत खोकला सुरू झाला तर ताबडतोब खाली उतरायचं असतं. हिमालयात पदभ्रमण करणारी आपली तरुण मुलं हे नियम पाठ म्हणून दाखवतील. यात्रेला निघालेल्या सत्तरीच्या आजोबांना ते कोणी सांगत नाही. 2022 च्या चारधाम यात्रेत पहिल्या महिनाभरातच मृतांचा आकडा शंभराच्या घरात गेला होता, बरेचसे हृदय बंद पडून. तेव्हा आपल्याच अंकांत त्या बातम्या होत्या.

शिखांचं तीर्थक्षेत्र असलेल्या हेमकुंडबद्दल तर लेखात आणखी घाई. ते 4,300 मीटरच्याही वर आहे, घांघरियाहून सहा किलोमीटरची उभी चढण आहे, आणि वर मुक्कामाची सोय नाही, त्याच दिवशी उतरावं लागतं. असं ठिकाण 'बद्रीनाथच्या दुसऱ्या दिवशी सहज उरकता येतं'? शिवाय मे महिन्याच्या सहलीच्या लेखावर फुलांनी गच्च भरलेल्या दरीचं पानभर छायाचित्र कशासाठी? घांघरियाजवळची फुलांची दरी 1 जूनला उघडते आणि खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. हे छायाचित्र पाहून कोणी मे महिन्यात गेलं, तर त्याला बंद फाटक दिसेल.

पूर्वी जोशीमठहून पुढे गाड्या ठरावीक वेळेलाच सोडत, गेट लागत असे, त्यामुळे पुष्कळांचा मुक्काम आपोआप घडायचा. आणि देवाचीही रीत पाहा. बद्रीनाथ मंदिराचं कपाट (दार) उघडण्याआधी आदि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरातून रावळांबरोबर, म्हणजे मुख्य पुजाऱ्यांबरोबर निघते, ती एका दमात बद्रीनाथला जात नाही. पांडुकेश्वरला रात्र काढते आणि तिथून उद्धव-कुबेरांच्या मूर्तींसह वर जाते. जोशीमठला खोली मिळाली नाही तर भाविकांनीही पांडुकेश्वर किंवा गोविंदघाटला राहावं, उंची साधारण तेवढीच आहे.

लेखात जोशीमठची ओळख 'खचलेलं गाव' एवढीच आहे. गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, मोठी बांधकामं आणि सुरुंग टाळा, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 सालीच सांगून ठेवलं होतं. ते ऐकलं गेलं नाही, आणि जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. ज्यांची घरं उभी आहेत त्यांचं वर्षाचं पोट या चार-सहा महिन्यांच्या यात्रेवर आहे. आम्ही खाली उतरून जोशीमठला थांबलो त्या दिवशी जाऊबाई अंगणात पांघरूण घेऊन बसल्या होत्या, तेव्हा घरमालकीणबाईंनी न मागता गरम पाणी आणि बुरांशच्या फुलांचं सरबत आणून ठेवलं आणि खोलीचं पूर्ण भाडं घ्यायला नकार दिला. तडे त्यांच्याही भिंतीला होते. तुमच्या लेखकाने या गावाला चहाची टपरी करून टाकलं, याचं मला फार वाईट वाटलं.

एक आणखी. उंची, अंतरं आणि दवाखान्यांची माहिती ज्या चौकटीत दिली होती, ती जांभळ्या रंगावर पिवळ्या बारीक अक्षरांत छापली आहे. चष्मा लावूनही मला ती वाचता आली नाही, नातवाकडून वाचून घ्यावी लागली. यात्रेला जाणारे बहुतेक माझ्या वयाचे असतात. त्यांच्या कामाची हीच एक चौकट होती.

माझी विनंती एवढीच की, येत्या रविवारी त्याच पानावर, काळ्या ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी. जोशीमठला किमान एक रात्र, शक्यतो दोन. कापराचं वाक्य मागे घ्यावं. शाळांच्या सुट्ट्या अजून संपलेल्या नाहीत आणि आमच्याच गल्लीतून पुढच्या आठवड्यात एक बस निघते आहे. त्यांना मी सांगितलंच आहे, पण त्यांच्या घरी आपलंच वर्तमानपत्र येतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली