दर दोन तासांनी कूस: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

नर्सिंगला का यायचंय, असं विचारलं की बहुतेक मुली एकच वाक्य सांगतात: ‘मला रुग्णांची सेवा करायची आहे.’ नर्सिंग शिकवणारे आम्ही ते मनापासूनचंच मानतो. त्यामागे कधी घरातलं आजारपण असतं, कधी लवकर नोकरी लागण्याची गरज. आम्हाला दोन्ही कारणं सारखीच मोलाची वाटतात. पण सेवा म्हणजे नेमकं काय, हे प्रवेशाआधी त्यांना कुणी दाखवत नाही. सीईटीत कल तपासणारे प्रश्न असतात, पण वॉर्ड प्रश्नपत्रिकेतून कळत नाही.

एकच काम घ्या. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. दोघींनी ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखाली आडवी घातलेली चादर, धरून उचलायचं. ओढलं तर वरची कातडी जागीच अडकते, आतलं मांस सरकतं आणि इजा आतून सुरू होते. पाठीशी उशी देऊन 30 अंशांची कलती कूस, टाचा अधांतरी, चादरीला चुणी नाही, ओल तर अजिबात नाही. माकडहाडाजवळ लाली दिसली तर बोटाने दाबायचं. दाबूनही लाली गेली नाही, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला लागणारी ऊब आणि कडकपणा ओळखायला शिकावं लागतं. अशा जागी स्पिरिट-पावडर चोळायची जुनी सवय नुकसानच करते.

आता वेळ मोजा. एका पेशंटला सात मिनिटं, असे 6 पेशंट, आठ तासांत 4 फेऱ्या: 168 मिनिटं, तीही दोघींची. 40 खाटांना दोघीच असतील, तर तेवढा वेळ इंजेक्शनं, सलाइन, केसपेपर कोण बघणार? मग कूस बदलायची राहून जाते. पुस्तकातलं वॉर्डात होत नाही, हे मुलीला पहिल्याच पोस्टिंगमध्ये दिसतं आणि तिचं मन तिथेच उतरतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. शय्याव्रण होऊ न देणाऱ्या त्या सेवेचं सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात कौतुक केलं. ते याच दोन-दोन तासांच्या कामाचं फळ होतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका असा आहे. रिक्त पदं त्या हिशेबाने भरा. विद्यार्थिनींना ड्यूटीच्या यादीत मनुष्यबळ म्हणून धरू नका. त्यांच्यासोबत प्रत्येक पाळीत शिकवणारी सिस्टर हवी, नाइटलासुद्धा. आणि प्रवेश पक्का होण्याआधी प्रत्येकीला तीन दिवस वॉर्डात बसू द्या, त्यात एक रात्र असावी. सकाळी सहाला, पेशंटचं अंग पुसून झाल्यावर, तिला पुन्हा विचारा: का यायचंय?

आपले,
नर्सिंगचे शिक्षक